मधल्या घराची मोजणी

"मुसलमान समाजात मध्यमवर्गच नाही," हे वाक्य आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. परिसंवादात ते बोलले जाते, लेखांत छापले जाते, आणि आपल्यातलेही पुष्कळ जण मान डोलावून ते कबूल करतात. मग पुढचे निष्कर्ष आपोआप येतात. मध्यमवर्ग नाही म्हणून शाळा नाहीत, वाचक नाहीत, नेतृत्व नाही. पण मध्यम घर म्हणजे नेमके कोणते घर, ते कोणी ठरवले आणि कशासाठी ठरवले, हे प्रश्न या चर्चेत क्वचितच येतात. या लेखात आम्ही तेवढेच पाहणार आहोत.

आपल्या बोलीत घराची पत सांगणारे शब्द कमी नाहीत. एखाद्याचे 'हातावर पोट' असते, एखादे 'खातेपिते घर' असते. सोयरिक जुळवताना "खाऊनपिऊन सुखी आहेत" एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला पुरते. या शब्दांत आकडा नसतो, पण घरात काय येते, काय जाते आणि अडीअडचणीला काय उरते, याचा अंदाज त्यांत असतो. सरकारी अर्जाला मात्र आकडा लागतो. त्या आकड्यांचा इतिहास चाळला तर एक गोष्ट लक्षात येते. मधले घर कसे जगते हे पाहून त्याची व्याख्या करण्याचे काम सरकारने फारसे केलेलेच नाही. एक रेघ गरीब शोधण्यासाठी ओढली गेली, दुसरी सवलत थांबवण्यासाठी. दोन रेघांच्या मध्ये जे उरले त्याला मध्यम म्हटले गेले. आपली बहुसंख्य कमावती घरे या उरलेल्या जागेत राहतात.

पेशा आणि पांढरपेशा

मराठीत मध्यमवर्गाला जुना शब्द आहे, 'पांढरपेशा'. त्यातला 'पेशा' फारसीतून आलेला, धंदा किंवा व्यवसाय या अर्थाचा. पांढरपेशा म्हणजे ज्याचे कपडे कामाने मळत नाहीत असा माणूस. हा शब्द केवळ वर्णनाचा नव्हता, त्याला महसुली अर्थही होता. कोकणात, विशेषतः कुलाब्याच्या भागात, पांढरपेशा म्हणून गणल्या गेलेल्या खातेदारांना कुणबी खातेदारांपेक्षा कमी दराने सारा भरण्याची मुभा होती. जमीन तीच, पीक तेच, पण स्वतः नांगर धरणाऱ्याला दर जास्त आणि न धरणाऱ्याला कमी. म्हणजे मधल्या वर्गाचे मराठीतले जे नाव सर्वांत रूढ झाले, ते सुरुवातीपासूनच कचेरीच्या वहीशी जोडलेले होते, आणि घरातल्या चुलीपेक्षा हाताला लागलेल्या किंवा न लागलेल्या मातीवर ठरत होते.

इंग्रजी अमलात ही विभागणी पाहण्यांच्या रूपाने पुढे आली. मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस स्थापन केले. त्याने आधी मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली आणि नंतर मध्यमवर्गीय कुटुंबांची वेगळी पाहणी केली. १९२० च्या दशकातले हे दोन अहवाल दोन वेगळ्या जगांचे म्हणून लिहिले गेले. एका बाजूला गिरणी, गोदी आणि चाळ, दुसऱ्या बाजूला कारकुनी, मास्तरकी आणि पेढी.

स्वातंत्र्यानंतर हेच सूत्र अधिक स्पष्ट झाले. केंद्रीय सांख्यिकी संघटनेने १९५८-५९ मध्ये देशातल्या ४५ शहरांत 'मध्यमवर्गीय कुटुंबांची राहणी पाहणी' केली. त्यात मध्यमवर्गीय कुटुंब कोणते, याची व्याख्या उत्पन्नावर नव्हती. ज्या कुटुंबाच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग शेतीबाहेरच्या, अंगमेहनतीच्या नसलेल्या कामातून येतो ते कुटुंब मध्यमवर्गीय. याच पाहणीच्या आधारे १९६० हे पायाभूत वर्ष धरून शहरी बिगर-अंगमेहनती नोकरदारांचा महागाई निर्देशांक तयार झाला आणि पुढे अनेक वर्षे चालला.

ही व्याख्या आपल्या मोहल्ल्यांवर ठेवून पाहावी. मालेगाव-भिवंडीचा मोमीन मागावर बसतो, पिंजारी गाद्या भरतो, शिकलगार धार लावतो, बागवान फळे विकतो, खाटीक, मणियार, तांबोळी आपापला धंदा करतात. यांतला एखादा कारागीर शाळामास्तराच्या दुप्पट कमावत असला, तरी त्या पाहणीत त्याचे घर मध्यमवर्गीय ठरत नव्हते. त्याच गल्लीतला अर्धपोटी कारकून ठरत होता. तेव्हा 'मुसलमानांत मध्यमवर्ग नाही' या वाक्याचा निदान एक भाग असा आहे की, मध्यमवर्ग मोजण्याचे मापच कारकुनी लेखणीचे होते. आमच्या समाजात शिक्षण कमी राहिले, सरकारी नोकऱ्या कमी मिळाल्या, फाळणीच्या सुमारास शिकलेल्यांपैकी अनेक जण निघून गेले, हे सारे खरे आहे. पण जे मागे राहिले आणि हाताच्या कसबावर उभे राहिले, त्यांची गणना कोणत्या खान्यात करायची, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

एकाच वर्षाचे दोन आकडे

पुढे मध्यम घर उत्पन्नाच्या आकड्यावर मोजले जाऊ लागले. त्यासाठी १९५९ हे साल पाहण्यासारखे आहे. त्या वेळी आपण द्विभाषिक मुंबई राज्यात होतो. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फीमाफीची योजना आली. तीच पुढे 'ईबीसी' या तीन अक्षरांनी घरोघर पोचली. वार्षिक १२०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना शिक्षण मोफत, ही तिची ओळख झाली. जात किंवा धर्म न विचारता केवळ उत्पन्न पाहणारी ही सवलत असल्यामुळे आपल्याही अनेक घरांतला पहिला मॅट्रिक, पहिला मास्तर, पहिला वकील तिच्या आधाराने शिकला.

त्याच १९५९ साली केंद्र सरकारने 'मध्यम उत्पन्न गट गृहनिर्माण योजना' सुरू केली. तिच्यात मध्यम उत्पन्न म्हणजे वर्षाला ६,००१ ते १२,००० रुपये. त्याआधी १९५४ साली आलेली कमी उत्पन्न गटाची योजना ६,००० रुपयांपर्यंतच्या लोकांसाठी होती. आता हे दोन आकडे शेजारी ठेवू. शिक्षण खात्याच्या हिशेबाने वर्षाला १२०० च्या वर कमावणारा फी भरू शकणारा माणूस. गृहनिर्माण खात्याच्या हिशेबाने तो मध्यम व्हायला अजून पाचपट कमाई हवी. ज्या घरात वर्षाला दीड-दोन हजार येत होते, ते फीमाफीला श्रीमंत आणि मध्यम घरांच्या कर्जाला गरीब. कमी उत्पन्न गटाचे कर्ज त्याला कागदोपत्री मिळू शकत होते, पण कर्ज फेडायला दरमहा ठरलेला पगार लागतो आणि तारण लागते.

'एमआयजी' ही अक्षरे मुंबईत अजून टिकून आहेत. वांद्रे पूर्वेला गृहनिर्माण मंडळाने मध्यम उत्पन्न गटासाठी उभारलेली वसाहत त्याच नावाने ओळखली जाते. तिथे आता पुनर्विकासाचे टॉवर उभे राहिले आहेत आणि घरांच्या किमती कोटींत आहेत. नाव मात्र मध्यमच राहिले. हे नाव किती लवचीक आहे, ते अलीकडेही दिसले. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात २०१७ साली मध्यम उत्पन्न गट वर्षाला ६ लाखांपासून १८ लाखांपर्यंत धरला होता. २०२४ साली त्याच योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात तो ६ ते ९ लाखांवर आला. नऊ ते अठरा लाखवाली कुटुंबे सात वर्षांत कुठे गेली? कुठेच नाही. फक्त व्याजाच्या सवलतीसाठी सरकारला त्यांची गरज उरली नाही.

केशरी कार्डाची रेघ

खेड्यापाड्यांत मध्यम घर ओळखण्याची खूण वेगळी आहे. ती रेशनकार्डाच्या रंगात आहे. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची शिधापत्रिका आली. वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल तर पिवळी, त्याहून अधिक पण एक लाखापर्यंत असेल तर केशरी, एक लाख किंवा त्याहून अधिक असेल तर पांढरी. नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे नव्या जिल्ह्याला वर्षही झाले नव्हते, तोच कळसाडीसारख्या त्याच्या गावागावांतली कुटुंबे या तीन रंगांत वाटली जाऊ लागली. मुंबईच्या मंत्रालयात ठरलेली रेघ कळसाडीतही तीच आणि भेंडीबाजारातही तीच.

या रेघेला अटींची शेपटी होती. पिवळ्या कार्डासाठी कुटुंबात कोणी डॉक्टर, वकील, वास्तुविशारद किंवा सनदी लेखापाल नसावा. कोणी व्यवसाय कर, विक्रीकर किंवा आयकर भरणारा नसावा. घरी टेलिफोन नसावा, चारचाकी वाहन नसावे. सगळ्यांची मिळून दोन हेक्टर जिरायत, एक हेक्टर हंगामी बागायत किंवा अर्धा हेक्टर बारमाही बागायत जमीन नसावी. दुष्काळी तालुक्यांत ही मर्यादा दुप्पट. केशरी कार्डासाठी चार हेक्टर बारमाही बागायत आणि चारचाकी या अटी होत्या, त्यातून टॅक्सीचालकाला सूट होती.

अटींचा हा तक्ता नीट पाहिला तर मध्यम घराचे एक विचित्र चित्र दिसते. तापीच्या खोऱ्यात सव्वा एकर बागायत असलेला शेतकरी आणि डॉक्टर हे दोघेही एकाच ओळीत 'पिवळ्याला अपात्र' होतात. पपई किंवा मिरचीचा भाव पडला, विहीर आटली, सोसायटीचे कर्ज थकले, तरी सातबारावर जमीन तेवढीच असते. जमीन मोजता येते म्हणून ती मोजली गेली. कर्ज मोजायला रकानाच नव्हता. कर्जावर टेम्पो घेऊन आठवडी बाजार फिरणाऱ्या बागवानाचेही तसेच. टॅक्सीला सूट नियमात लिहिलेली आहे, त्याच्या टेम्पोचे काय, हे त्याने पुरवठा शाखेत जाऊन विचारायचे. टेलिफोनची अट तर काळाने स्वतःच निकालात काढली. घरोघर मोबाइल आल्यावर ती वाचून हसू येते.

अशा खुणांवर घर ओळखण्याची पद्धत पुढेही चालू राहिली. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातीनिहाय गणनेत ज्या घरी मोटारसायकल आहे, फ्रीज आहे, किंवा एखादा माणूस महिन्याला दहा हजारांहून अधिक कमावतो, ते घर थेट गरिबांच्या यादीबाहेर होते. खानदेशातल्या उन्हाळ्यात जुना फ्रीज घेऊन थंड पेये विकणाऱ्या बाईचे घरही त्यात आले. ग्रामीण घरकुलांच्या निकषांतून दुचाकी आणि फ्रीज वगळायला २०२४ साल उजाडावे लागले.

थांबलेली रेघ

केशरी कार्डाची सर्वांत मोठी अडचण मात्र अटींत नाही, आकड्यात आहे. १९९९ साली ठरलेले पंधरा हजार आणि एक लाख हे आकडे जागचे हललेच नाहीत. कामगारांचा महागाई निर्देशांक पाहिला तर तेव्हाच्या मानाने किमती चौपटीहून अधिक झाल्या आहेत. रेघ जागेवर राहिली आणि घरे तिच्यावरून वाहत गेली.

याचा हिशेब कोणीही करू शकेल. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. हा सरकारचा स्वतःचा, अंगमेहनतीचा, तळातला दर. एकट्या माणसाने या दराने ४९ दिवस काम केले की त्याचे घर १५,००० ची रेघ ओलांडते. ३२१ दिवस काम केले की ते एक लाखाच्या वर जाते, म्हणजे कागदोपत्री पांढऱ्या कार्डाचे धनी होते. खडी फोडणारा मजूर आणि कारखानदार एका रंगात! प्रत्यक्षात असे होत नाही, कारण कोणी खरे उत्पन्न लिहीतच नाही. रेघ इतकी मागे पडली की खरे बोलणारा तिच्या बाहेर पडतो.

केंद्राच्या घरगुती खर्चाच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये होता, शहरी भागात ६,९९६ रुपये. पाच माणसांच्या ग्रामीण घराचा हा खर्च वर्षाला २ लाख ४७ हजारांवर जातो. सरासरी खर्चाचे घर केशरी कार्डाच्या वरच्या मर्यादेच्या जवळजवळ अडीचपट झाले.

सरकारने यावर उपाय केला तो नवी रेघ ओढण्याचा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात 'प्राधान्य कुटुंब' ठरवण्यासाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपयांची मर्यादा धरली गेली. राज्याच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी ४५.३४ टक्के एवढ्यांनाच धान्य द्यायचे, हे प्रमाण केंद्राने आधीच ठरवून दिले होते. म्हणजे केशरी कार्डाचे दोन तुकडे झाले. एक धान्य मिळणारे केशरी, दुसरे न मिळणारे. रंग एक आणि नशीब दोन. इष्टांक भरला की नवे नाव चढत नाही, मग घरची परिस्थिती कशीही असो.

त्यानंतर २०२४ साली 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली. तिची मर्यादा अडीच लाख. पण पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, असे ठरले. एक लाखाच्या आतले म्हणून दिलेले कार्ड अडीच लाखांच्या आतला पुरावा म्हणून चालले. व्यवहारासाठी ही सोय चांगलीच होती, बायाबापड्यांच्या कचेरीतल्या चकरा वाचल्या. पण एक कबुलीही तिच्यात दडली होती. अडीच लाख हा आकडा पाच माणसांच्या सरासरी ग्रामीण खर्चाच्या अगदी जवळ आहे. केशरी कार्ड हेच मधल्या घराचे ओळखपत्र आहे, हे सरकारने न बोलता मान्य केले. त्यावरचा एक लाख मात्र खोडला नाही.

आठ लाख : गरीब की श्रीमंत?

शिक्षण आणि नोकरीच्या बाबतीत मधल्या घराची रेघ वेगळीच आहे. मंडल खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ नोव्हेंबर १९९२ रोजी दिला. त्यातून इतर मागासवर्गीयांमधील 'उन्नत गट' वगळण्याचे तत्त्व आले. १९९३ साली त्यासाठी एक लाखाची मर्यादा ठरली. पुढे ती २००४ साली अडीच, २००८ साली साडेचार, २०१३ साली सहा आणि २०१७ साली आठ लाख झाली. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळीच्या रेट्यामुळे डिसेंबर १९९४ मध्ये शासनाने निर्णय काढला आणि आपल्या अनेक बिरादऱ्यांना या सवलतींचा रस्ता मोकळा झाला. तेव्हापासून 'नॉन-क्रीमीलेअर' हा शब्द आपल्या घरांतही मराठी-उर्दू शब्दासारखाच रुळला.

२०१९ साली १०३ वी घटनादुरुस्ती झाली आणि आरक्षणाबाहेरच्या आर्थिक दुर्बलांना दहा टक्के जागा मिळाल्या. धर्माची अट नसल्याने ओबीसी यादीत नसलेल्या मुस्लिम घरांनाही त्याचा लाभ घेता येतो. त्याची मर्यादाही आठ लाखच. म्हणजे एकाच आकड्याच्या वर गेले की मागासवर्गीय घर 'उन्नत' होते आणि त्याच आकड्याच्या आत असले की खुल्या वर्गातले घर 'दुर्बल' ठरते. महिन्याला ६६ हजार रुपये मिळवणारे घर एका अर्जात वरच्या टोकाला आणि दुसऱ्या अर्जात खालच्या टोकाला बसते.

मोजण्याची रीतही सारखी नाही. उन्नत गट ठरवताना पगार आणि शेती यांचे उत्पन्न या मर्यादेत धरत नाहीत. नोकरदाराला त्याच्या पदावरून आणि शेतकऱ्याला जमिनीवरून तपासतात. आर्थिक दुर्बलांच्या दाखल्यात मात्र पगार, शेती, धंदा सगळे एकत्र येते. त्यामुळे दुकानदार, वाहतूकदार, छोटा ठेकेदार यांच्यावर उत्पन्नाची मर्यादा सर्वांत सरळ पडते. आपल्या समाजात हीच माणसे जास्त.

शिष्यवृत्त्यांची तऱ्हा याहून वेगळी. सच्चर समितीच्या अहवालानंतर अल्पसंख्याकांसाठी केंद्राच्या शिष्यवृत्ती योजना आल्या, तेव्हा मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीला एक लाख, मॅट्रिकोत्तरला दोन लाख आणि व्यावसायिक शिक्षणाच्या शिष्यवृत्तीला अडीच लाख अशी मर्यादा ठरली. एकाच घरातली थोरली मुलगी अभियांत्रिकीला 'गरीब' आणि धाकटा भाऊ नववीत 'सुस्थितीतला'! आणि १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत आयकर लागणार नाही, असे जाहीर झाले तेव्हा तो मध्यमवर्गाला दिलासा म्हणून सांगितला गेला. तर मधले घर कोणते? पंधरा हजारांपासून बारा लाखांपर्यंत कोणतेही. पाहणारे खाते कोणते, यावर ते ठरते.

आपली घरे आणि दाखला

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात एक आकडा होता, त्याच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के स्वयंरोजगारी होते, हिंदू कामकऱ्यांमध्ये हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास. स्वयंरोजगार हा शब्द भारदस्त आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ गॅरेज, हातगाडी, शिलाई मशीन, रिक्षा, भंगाराचे दुकान, चार यंत्रमाग असा असतो. या घरांना पगाराची स्लिप नसते. सुताचा भाव चढला, वीज गेली, पाऊस लांबला, की आठवड्याचा हिशेब कोसळतो. २०२० च्या टाळेबंदीत माग थांबले आणि महिनोन्‌महिने अनेकांची आमदनी शून्यावर आली. त्या वर्षीचे उत्पन्न कोणत्या रकान्यात लिहायचे?

कोकणातली आपली घरे दुसऱ्या टोकाची. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर जहाजावरच्या आणि पुढे १९७० च्या दशकापासून आखाती देशांतल्या नोकऱ्यांवर घरे उभी राहिली. बाहेरून पाहणाऱ्याला ती श्रीमंत वाटतात. पण करार संपला की माणूस परत येतो, पेन्शन नसते, आणि घरात चार बहिणींची लग्ने झालेली असतात. दहा वर्षे वरच्या आणि पुढची वीस वर्षे खालच्या गटात काढणाऱ्या अशा घराला कोणत्या वर्षाच्या उत्पन्नावर मोजणार?

असा माणूस तहसील कचेरीत दाखल्याला जातो तेव्हा त्याच्यासमोर दोनच वाटा असतात. खरा आकडा लिहायचा, तर मुलाची सवलत जाते. खोटा लिहायचा, तर प्रतिज्ञापत्रावर सही करताना हात थरथरतो. ही लाचारी एकट्या आपल्या समाजाची नाही. खानदेशातला कापूस पिकवणारा शेतकरी, नाशिकचा भाजीवाला, सोलापूरचा विणकर, सगळेच तिथे उभे असतात. पण ज्या समाजात पगारदार कमी आहेत, तिथे ही रांग लांब होते. आणि त्या रांगेतून खोटे न लिहिता परतलेला बाप घरी येऊन मुलीला सांगतो की पुढच्या वर्षी पाहू. ते पुढचे वर्ष बहुधा येत नाही.

निसाब काय मोजतो

या विषयावर आपल्या परंपरेत काही विचार झाला आहे का, हे पाहणे अवघड नाही. जकातीसाठी फिकहच्या विद्वानांनी शतकांपूर्वी हाच प्रश्न सोडवायला घेतला होता. घेणारा कोण, देणारा कोण आणि मधला कोण? साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, हा निसाब आपल्याला पाठ असतो. पण तो मोजण्याची रीत अधिक महत्त्वाची आहे. वर्षभरात घरात किती आले, हे तिथे विचारत नाहीत. वर्ष सरल्यावर किती उरले, हे विचारतात. त्यातून देणे वजा करतात. राहते घर, वापरातले कपडे, स्वारीचे साधन, कारागिराची अवजारे या मूलभूत गरजा, म्हणून त्या हिशेबात येत नाहीत. विणकराचा माग आणि बागवानाचा टेम्पो निसाबाबाहेर राहतो. सरकारी तक्ता नेमका तिथूनच मोजायला सुरुवात करतो.

हनफी फिकहमध्ये तर मधल्या घरासाठी स्वतंत्र जागाही आहे. ज्याच्याकडे गरजेपलीकडचे सामान निसाबाच्या किमतीचे आहे, पण ते सोने, चांदी, रोकड किंवा विक्रीचा माल नाही, त्याच्यावर जकात लागत नाही आणि त्याला जकात घेताही येत नाही. त्याने फितरा मात्र द्यायचा. देणारा आणि घेणारा यांच्या मधला हा माणूस शास्त्रकारांनी नाव नसले तरी ओळखला होता. कोकणात ज्या शाफई मताचा रिवाज आहे, त्यात गरीब कोण हे ठरवताना त्याची कमाई त्याच्या व त्याच्या घरच्यांच्या गरजेला पुरते की नाही, हे पाहतात. घरात खाणारी तोंडे किती, हा प्रश्न त्यात आपोआप येतो. आपल्या सरकारी मर्यादेत तीन माणसांच्या घराला आणि नऊ माणसांच्या घराला एकच आकडा लागतो.

निसाबालाही थांबलेल्या रेघेचा त्रास झालेला आहे, हेही सांगितले पाहिजे. पैगंबरांच्या काळात सोन्याचा निसाब वीस दीनार आणि चांदीचा दोनशे दिरहम होता, आणि एका दीनारला साधारण दहा दिरहम मिळत. म्हणजे दोन्ही रेघा जवळजवळ एकाच उंचीवर होत्या. पुढे चांदी स्वस्त होत गेली. आज सोन्याचा निसाब चांदीच्या निसाबाच्या कितीतरी पट आहे. कोणता धरावा, यावर उलेमांत चर्चा होत आली आहे. परंतु ती चर्चा होते, हे महत्त्वाचे. रेघ कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर टाकते, याची जबाबदारी तिथे कोणीतरी घेतो.

राज्याने निसाब लागू करावा, असे आम्हाला सुचवायचे नाही. वेगवेगळ्या धर्मांच्या देशात तसे होऊही नये. पण त्यातली चार तत्त्वे कोणत्याही धर्माच्या घराला लागू पडणारी आहेत. आलेले मोजण्याबरोबर उरलेलेही मोजावे. कर्ज वजा करावे. रोजीचे साधन श्रीमंतीची खूण मानू नये. आणि घरातली माणसे मोजून मर्यादा ठरवावी. पाचवे तत्त्व महागाईने शिकवले आहे. रेघ दरवर्षी किमतींबरोबर सरकली पाहिजे. पगारदारांचा महागाई भत्ता निर्देशांकाबरोबर वाढतो. मग केशरी कार्डाचा एक लाख १९९९ मध्येच का उभा राहावा?

मागणी सरकारकडे करायची ती करावीच. पण आपल्या हातातले कामही थोडे नाही. गावोगावच्या जमाती, शिक्षण संस्था, बैतुलमाल आणि बिरादरीचे फंड दरवर्षी शिष्यवृत्त्या वाटतात. त्यांचे अर्ज आम्ही पाहिले आहेत. बहुतेकांत सरकारी अर्जाची नक्कलच असते. वार्षिक उत्पन्न, तहसीलदाराचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स. आपल्याच परंपरेतला हिशेब आपल्याच फंडात वापरायला कोणाची मनाई आहे? घरात माणसे किती, कर्ज किती, कमावता आजारी पडला तर घर किती महिने चालेल, हे तीन प्रश्न अर्जावर आले तर केशरी कार्डवाल्या घरातल्या पुष्कळ मुलींचे कॉलेज सुटणार नाही. जकातीचा पैसा ज्याला लागू नाही त्याच्यासाठी इमदाद आणि कर्ज-ए-हसनाची सोय आहेच. परत येणारे कर्ज हेच मधल्या घराला सर्वांत मानाचे साहाय्य असते.

असे अर्ज दहा वर्षे जपून ठेवले तर आपल्या समाजात मध्यमवर्ग आहे की नाही, याचे उत्तर शोधायला परिसंवादात जावे लागणार नाही. कळसाडीच्या शेतकऱ्याचे, मालेगावच्या मागवाल्याचे आणि दापोलीच्या परतलेल्या खलाशाचे घर कसे चालते, ते त्या कागदांत लिहिलेले असेल.